सरांची पेन्सिल

सरांना "कसे आहात?" असं विचारलं तर ते कधीही "ठीक आहे" म्हणत नसत. क्षणभर थांबायचे, हातापायांची मनातल्या मनात चौकशी केल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "अजून काही सापडलेलं नाही."

नव्या माणसाला हा विनोद वाटायचा. मलाही वाटला. इंटरव्ह्यूला गेले होते, त्यामुळे मी शिष्टाचार म्हणून हसले. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का हसलात?" मला उत्तर सुचेना, म्हणून मी गप्प बसले. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. डोंबिवलीला घरी येऊन आईला सांगितलं की ही नोकरी काही मिळत नाही, आणि आठवडाभरात नेमणुकीचं पत्र आलं. ते का आलं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सर कुणाला तरी सांगत होते, "बाईंना उत्तर येत नव्हतं तर त्यांनी ते बनवलं नाही. बनवणारे फार आहेत." ही स्तुती होती की आणखी काही, याचा मी अजून विचार करते.

आमची कंपनी ठाण्यात वागळे इस्टेटला होती. एका बाजूला बिस्किटांचे खोके बनवणारे, दुसऱ्या बाजूला पंखे दुरुस्त करणारे आणि मध्ये आम्ही. विमानाच्या अंगात पडणारे तडे पकडणारे सेन्सर बनवायचो. विमान म्हटलं की लोकांना इंजिन बंद पडायची भीती वाटते. सरांना ती वाटत नसे. "इंजिन बंद पडलं तर निदान कळतं," ते म्हणत, "तडा कुणाला सांगून पडत नाही." विमान प्रत्येक उड्डाणात थोडं वाकतं आणि परत सरळ होतं. असं वर्षानुवर्षं झालं की एखाद्या रिबिटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, भोकाशी केसाएवढा तडा जातो. धातू तुटताना बारीक आवाज करतो, पण तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो ऐकायला आमचा बटणाएवढा सेन्सर तिथे चिकटवून ठेवायचा. त्याने ऐकलं की पडद्यावर एक रेघ उसळते. एवढाच आमचा धंदा.

हॉलमध्ये पंखाच्या मुळाचा एक तुकडा यंत्रात धरलेला असे. आम्ही त्याला पॅनल म्हणायचो. यंत्र त्याला दिवसभर वाकवायचं आणि सोडायचं. शेजारच्या काचेच्या खोलीत पडद्यावर लक्ष ठेवायला परेश बसायचा. परेश कळव्याचा, डोक्याने तल्लख आणि अंगाने आळशी. सर त्यालाही अहो-जाहो करत. "माणसाला अरे-तुरे केलं की तो सैलावतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

लॅबमध्ये "ठीक आहे" हे शब्द बंद होते. रिपोर्टात लिहिले तर लाल रेघ, तोंडाने म्हटले तर "कशावरून?" परेश एकदा फोनवर बायकोला म्हणाला, "हां, ठीक आहे, आणतो," आणि मागून सरांचा आवाज आला, "कशावरून?" ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, नवऱ्याच्या ऑफिसात पोलीस आलेत.

सर सगळ्याला टकटक करून बघत. खिशात जुनं जाड नाणं असायचं. पत्र्याच्या दोन थरांमधलं चिकटवण सुटलंय का, ते नाण्याने वाजवून आवाजावरून ओळखतात. ही आमच्या धंद्यातली साधी रीत आहे. पण सर ती रीत हॉलबाहेर घेऊन जायचे. टेबल, हेल्मेट, कलिंगड, लिफ्टचं दार, काहीही सुटत नसे. ठाण्याच्या खाडीकाठची एक कोळीण मावशी आमच्या गेटजवळ पाटी घेऊन बसायची. सरांनी तिच्यासमोर पापलेटावर नाणं वाजवलं तेव्हा ती उसळली, "आरं दादा, मावरं हाय ह्ये, मडका नाय वाजवून बघाला!" पण मावशीही सरांची नोट उन्हात धरून बघायची, म्हणून सर तिच्यावर खूश होते. दुसऱ्या कुणाकडून त्यांनी मासळी घेतली नाही.

माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी सगळ्या ऑफिसला बोलावलं होतं. आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरत होते, आणि आतून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर सर ओट्यामागच्या टाइल्स वाजवत होते. आई हातात द्रोण घेऊन त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"या वरच्या पोकळ आहेत," सर म्हणाले.

"कोण गं हे?" आईने मला बाजूला ओढून विचारलं. "बिल्डरचा माणूस की पोलिसातला?"

"माझे सर आहेत."

"मग प्रसाद का नाही घेत?"

प्रसाद त्यांनी घेतला, पण आधी हुंगून. त्या टाइल्स अजून पडलेल्या नाहीत. तरी मी त्यांच्याखाली डोकं नेऊन भांडी घासत नाही.

सर वर्तकनगरला एका जुन्या वसाहतीत राहायचे. जिन्याच्या भिंतीला भेगा गेल्या होत्या. सरांनी त्या भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या प्लॅस्टरने चिकटवल्या. भेग वाढली की काच तडकते, म्हणजे कळतं. एवढं साधं होतं, पण बिल्डिंगमध्ये तेव्हा रिडेव्हलपमेंटवरून दोन तट पडलेले. ज्यांना बिल्डिंग पाडायची होती त्यांना वाटलं, हा माणूस काच चिकटवून बिल्डिंग धडधाकट असल्याचं दाखवणार. ज्यांना पाडायची नव्हती त्यांना वाटलं, हा बिल्डरने पेरलेला आहे. दोन्ही तटांची माणसं सरांच्या घरी येऊन बसली आणि सरांनी दोघांनाही एकच सांगितलं, "भेग वाढतेय का ते बघतोय. तुमच्याकडे नाही बघत." त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मात्र सगळ्याचा सराव झाला होता. मी एकदा घरी गेले तेव्हा त्यांनी पोहे पुढे ठेवले आणि सरांकडे मान करून म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी अजून निरीक्षणाखाली आहे बरं का."

सरांनी पोहे चाखले. "अजून काही सापडलेलं नाही," ते म्हणाले. काकू हसल्या, म्हणजे त्यांच्याकडे ही स्तुती होती हे नक्की.

सर एवढे संशयी का, यावर ऑफिसात खूप चर्चा चालायची. परेशने विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं की पूर्वी ते विमानांच्या देखभालीवर होते आणि एका विमानातला तडा त्यांच्या नजरेतून निसटला होता. मला सांगितलं की त्यांनी तडा दाखवला होता, पण वरच्यांनी मानलं नाही. अकाउंट्सच्या बाईंना सांगितलं, असं काही झालेलंच नाही, आपला स्वभावच तसा. आम्ही तिघांनी डबा खाताना या गोष्टी जुळवल्या आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो. संध्याकाळी सर परेशला म्हणाले, "जुळवायला फार दिवस लावलेत." खरं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता पेन्सिल.

सेन्सर गप्प आहे याचे दोन अर्थ होतात. एक तर तडा नाही, नाहीतर सेन्सर मेलाय. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सपाट रेघ. म्हणून रोज सकाळी पॅनलवर पेन्सिलीची लीड मोडायची. शाळेतली मुलं वापरतात ती, मागे दाबलं की बारीक लीड पुढे येणारी पेन्सिल. लीड धातूवर टेकवून मोडली की तडा गेल्यासारखाच बारीक आवाज होतो. सेन्सरने तो ऐकला, तर तो जिवंत आहे. ही सरांची युक्ती नव्हे, जगभर असंच करतात.

सरांची युक्ती पुढे सुरू व्हायची. "सेन्सर जागा आहे हे सकाळी कळलं," ते म्हणत. "सेन्सरकडे बघणारा माणूस जागा आहे का, ते कोण बघणार?" त्यामुळे ते दिवसात कधीही मागच्या दाराने हॉलमध्ये शिरत आणि गुपचूप लीड मोडत. नियम असा होता की रेघ उसळली की यंत्र थांबवायचं, टॉर्च आणि भिंग घेऊन पॅनलकडे धावायचं आणि तडा शोधायचा. परेश धावत आला, तर सर मान हलवून निघून जात. आला नाही, तर काचेच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणत, "आत्ता एक विमान पडलं. चहा घेताय?"

सुरुवातीला आम्ही सगळे जीव खाऊन धावायचो. पॅनलखाली लीडचा तुकडा सापडायचा आणि आम्ही घाम पुसत परत यायचो. पण असं किती दिवस चालणार? हळूहळू परेशने स्वतःची रीत बसवली. रेघ उसळली की आधी जागेवरून एक बटण दाबायचं. त्या बटणाला त्याने कॉम्प्युटरमध्ये कायमचं काम देऊन टाकलं होतं. दाबलं की नोंदीपुढे आपोआप उमटायचं, 'सरांची पेन्सिल'. मग टॉर्च घेऊन, गंभीर तोंड करून, चालत चालत हॉलच्या दारापर्यंत जायचं. सर लांबून टॉर्च बघायचे आणि त्यांचं समाधान व्हायचं. त्या एका बाबतीत त्या संशयी माणसाला आम्ही सहज फसवत होतो.

त्याच सुमाराला माझी पट्टी चाचणीला लागली. बटणासारखे सेन्सर रिबिटांच्या दाट ओळीत बसत नाहीत आणि तडे तर तिथेच जातात. मी एक पातळ पट्टी बनवली होती. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे, रिबिटांच्या मधून, जखमेवरच्या पट्टीसारखी ती चिकटायची. माझी काही वर्षं तिच्यात गेली होती. लहान शिकाऊ विमानं बनवणारी एक कंपनी ती घ्यायला तयार होती. अट एकच होती की पट्टीने खोटी ओरड करता कामा नये. खोटी ओरड म्हणजे चांगलं विमान विनाकारण जमिनीवर, आणि असा सेन्सर कोणी जवळ बाळगत नाही. पट्टी नापास झाली तर ते काम बंद आणि मी विक्री विभागात, हे डायरेक्टरसाहेबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. मी काही हसले नव्हते.

सरांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, नाण्याने वाजवली आणि म्हणाले, "बघू." बस्स. मला तेव्हाच राग आला होता.

आणि पट्टी ओरडायला लागली. कधी दुपारी, कधी चहाच्या वेळेला. फक्त माझी पट्टी. बाकीचे सेन्सर लांब होते, ते गप्प. मी दर वेळी धावत जायची, भिंगातून सांधा बघायची, तपासणीची सगळी यंत्रं लावायची. काही नाही. पत्रा नव्यासारखा. खाली लीडही नाही. एकदा मात्र मी दारातून पाहिलं, सर पॅनलखाली वाकले होते, त्यांनी काहीतरी उचललं आणि कागदात बांधून खिशात टाकलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लीड सापडत नाही, कारण ते ती उचलून नेताहेत. माझ्या पट्टीशेजारीच मोडताहेत आणि पुरावा नाहीसा करताहेत.

"सर जळतात तुमच्यावर, मॅडम. सिंपल आहे," परेश म्हणाला.

आईला सांगितलं तर ती वास्तुशांतीपासून दबा धरूनच बसली होती. "मी तेव्हाच म्हटलेलं ना तुला? त्या माणसाची नजर सरळ नाही."

मी डायरेक्टरसाहेबांकडे गेले. म्हटलं, चाचणी संपेपर्यंत सरांना हॉलमध्ये येऊ देऊ नका. साहेबांनी सरांना बोलावलं. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, "सर, तुम्ही माझ्या पट्टीजवळ पेन्सिल मोडता."

"मोडतो," सर म्हणाले. किती वेळा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी शांतपणे हॉलचं कार्ड टेबलावर ठेवलं. शर्टाच्या खिशातून एक पेन्सिल काढली, पँटच्या खिशातून दुसरी आणि चष्म्याच्या डबीतून तिसरी. "बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्यावर संशय असेल तर मला बाहेर ठेवलंच पाहिजे. मीही हेच केलं असतं. मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलंय, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्यावर तर नाहीच."

ते इतक्या सहज तयार झाले म्हणून माझा संशय उलट वाढला. पण पुढचे काही दिवस पट्टी शांत राहिली आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. विमानवाल्यांची माणसं पुढच्या आठवड्यात यायची होती.

मग एका दुपारी मी काचेच्या खोलीत परेशशेजारी बसले होते. सर दारात उभे होते. या खोलीत यायला त्यांना बंदी नव्हती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बिस्कीट. ते परेशला त्याच्या मुलीच्या तापाबद्दल विचारत होते. पडद्यावर रेघ उसळली. माझी पट्टी. आणि बोलता बोलता, सरांकडे बघत बघत, परेशचं बोट त्या बटणावर गेलं.

"हे काय दाबलंत?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर, ते आपलं तुमचं…"

"माझं काय?"

पडद्यावर नोंद उमटली होती, 'सरांची पेन्सिल'. सरांनी ती वाचली. मग आपल्या हातांकडे पाहिलं, कप आणि बिस्किटाकडे.

"मी इथे आहे," ते म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि परेशला आधीच्या नोंदी उघडायला सांगितल्या. 'सरांची पेन्सिल', 'सरांची पेन्सिल', पान खाली सरकत राहिलं.

"यातल्या माझ्या कोणत्या?" सरांनी विचारलं.

"सर, ते तुम्हालाच माहीत ना," परेश रडवेल्या आवाजात म्हणाला.

सरांना माहीत नव्हतं. कुणी वाचून सावध होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या पेन्सिलींचा हिशेब कधी ठेवलाच नव्हता. पण एवढ्या आपल्या नाहीत, हे त्यांना कळत होतं. इतकी वर्षं मी त्यांना सगळ्या जगावर संशय घेताना पाहिलं होतं. त्या दिवशी ते स्वतःला घाबरले, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आत चिमूटभर काळी भुकटी होती.

"ही तुमच्या पट्टीखालची. दोन पत्रे एकमेकांवर घासले की रिबिटाशी अशी भुकटी धरते, आणि तडाही तिथूनच सुरू होतो. खात्री नव्हती म्हणून बोललो नाही." मग ते उठले. "पॅनल कापा."

डायरेक्टरसाहेब धावत आले. पॅनल कापलं की चाचणी मोडली. पाहुण्यांना काय दाखवायचं? त्यांनी सरांना समजावलं, मग आवाज चढवला. आत तडा नसेल तर पट्टी खोटारडी आहे, हे सगळ्यांसमोर सिद्ध होणार होतं. न कापता आठवडा काढला आणि पाहुण्यांसमोर ती गप्प राहिली, तर कदाचित निभावून जाईल, असंही मनात येत होतं.

"सर, आपण थोडं थांबू या ना," मी म्हटलं.

"तुमचा तुमच्या पट्टीवर संशय आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"माझा नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माणसं मी आलोय की गेलोय ते बघून बोलतात," सर म्हणाले. "हे परेश मला टॉर्च दाखवतात. ती पट्टी माझ्याकडे बघत नाही. तिला ऐकू आलं म्हणून ती बोलली. कापा."

रिबिटं एकेक करून काढली. वरचा पत्रा उचलला. खालचा पत्रा तर आम्ही कुणी कधी पाहिलाच नव्हता. तो वरच्याने झाकलेला असायचा, भिंग काय आणि यंत्रं काय, तिथवर पोचत नव्हती. नुसत्या डोळ्यांना तोही स्वच्छ दिसत होता. परेशने त्यावर लाल रंग लावला, थोड्या वेळाने पुसून काढला आणि वरून पांढरी पूड फवारली. तडा असेल तर आत राहिलेला रंग पुडीतून वर येतो. नसेल तर पांढरं ते पांढरंच. आम्ही वाकून बघत उभे राहिलो. साहेब, परेश, अकाउंट्सच्या बाई, सगळे. पांढरंच होतं. मी नजर वळवली.

"आयला," परेश म्हणाला.

रिबिटच्या भोकापासून एक लाल रेघ उमटत होती. आधी ठिपका, मग कुंकवाच्या काडीने ओढावी तशी बारीक रेघ, बरोबर माझ्या पट्टीच्या खाली. मी तोंडावर हात धरून रडले. परेशने टाळ्या वाजवल्या. सरांनी चष्मा पुसला, परत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जुनी आहे. पुष्कळ दिवस वाढतेय." त्यांच्या आवाजात आनंद अजिबात नव्हता.

विमानवाले आले तेव्हा साहेबांनी कापलेलं पॅनल मखमलीवर मांडून ठेवलं होतं. "आमच्या पट्टीने तडा वेळेवर पकडला," ते म्हणाले. मिटिंगला सरांना बोलावलं नव्हतं. ते आपले आपण आले आणि उभे राहिले.

"पट्टीने पकडला," ते म्हणाले. "आम्ही नाही. ती ओरडत होती आणि आम्ही तिच्यापुढे माझं नाव लिहीत होतो. हे विमान असतं तर त्यात शिकाऊ पोरं बसली असती. पट्टी पास आहे. तिच्यावर लक्ष ठेवायची माझी पद्धत नापास आहे."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुण्यांमधले एक वयस्क गृहस्थ सरांकडे वळले. "मग आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"मी पेन्सिल मोडणार नाही. ज्याला सकाळी मोडायची असेल, त्याने आधी मोठ्याने ओरडायचं. न ओरडता रेघ आली, तर तो तडा समजून धावायचं."

पट्टी त्यांनी घेतली. सरांच्या सांगण्याप्रमाणे ओरडण्याचा नियम त्यांनी आपल्याकडेही लावला, हे मला मागाहून कळलं. सरांना साहेबांनी हॉलचं कार्ड आणि पेन्सिली परत दिल्या, पण ते फारसे आत गेले नाहीत. रिटायर व्हायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि चष्म्याच्या डबीतली ती तिसरी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "ही तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे राहिली तर मी मोडेन." मी ती माझ्या टेबलावरच्या स्टँडमध्ये ठेवली.

आता लॅब माझ्याकडे आहे. गॅलरीतून पाणी टाकायच्या आधी ओरडतात तसं सकाळी हॉलमधून कुणीतरी ओरडतं, "मोडतोय रे!" आणि मग दिवसभर कुणी पेन्सिलीला हात लावत नाही. त्या बटणाचं काम परेशने स्वतः काढून टाकलं.

मागच्या दिवाळीनंतर सर आले. बारीक झाले होते. "कसे आहात?" मी सवयीने विचारलं.

"अजून काही सापडलेलं नाही," ते म्हणाले.

माझ्या टेबलाशी बसून त्यांनी चहा घेतला. नव्या पॅनलकडे एकदा बघून जातो म्हणाले, परेश त्यांना आत घेऊन गेला. परत येऊन काकू वाट बघत असतील म्हणाले आणि जिना उतरून गेले. परेश काचेच्या खोलीत आपल्या जागेवर बसतो न बसतो तोच पडद्यावर रेघ उसळली. कुणी ओरडलं नव्हतं.

"यंत्र बंद!" परेश ओरडला, आणि सगळे धावले. मी धावले, नव्या दोन मुली धावल्या, अकाउंट्सच्या बाई काही संबंध नसताना धावल्या. टॉर्च, भिंग, लाल रंगाची बाटली. कुणाच्या तोंडात सरांचं नाव आलं नाही. मी सांध्यावरून भिंग फिरवत होते. मग परेश खाली वाकला आणि त्याने चिमटीत काहीतरी धरून वर केलं. लीडचा तुकडा.

मी टेबलाशी जाऊन बघितलं. स्टँडमध्ये पेन्सिल नव्हती. आत कसे गेले, जिना उतरल्यासारखं करून मागच्या दाराने पुन्हा शिरले की काय, ते आजही कळलेलं नाही. खिडकीतून खाली पाहिलं. गेटजवळ, मावशीच्या पाटीशेजारी, सर मान वर करून आमच्या हॉलच्या काचांकडे बघत उभे होते. मी संतापून फोन लावला.

"सर, तुम्ही शब्द दिला होतात."

"माझ्यावर तर नाहीच, असं सांगितलं होतं ना?" खालून त्यांचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "धावलात?"

"धावलो," मी म्हटलं. "सगळे धावलो."

मावशी कुणाशी तरी भाव करत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"मग ठीक आहे," सर म्हणाले.